इनामदारांची मखमली खुर्ची

चहा हातात घेतलाय तर जरा जपून ऐका, ठसका लागायचा. माझी जी फजिती झाली तिचं खापर फोडायला दुसरं कुणी असतं तर बरं झालं असतं. पण ती मीच, पूर्ण शुद्धीत, हट्टाने मागून घरी आणली.

तेव्हा मी महाडला शाळेत मास्तर होतो. स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाला हसला की मी दुधात बोट बुडवून बघायचो.

कुळकायदा आला आणि पोलादपूरकडच्या इनामदारांनी बिऱ्हाड मुंबईला हलवायचं ठरवलं. वाड्यातलं सामान विकायला निघालं. इकडे माझ्या धाकट्या बहिणीला, कमलला, पाहायला पाहुणे यायचे होते आणि आमच्या घरात बसायला एक बाकडं. म्हटलं, एखादी खानदानी वस्तू आणावी. गणूची बैलगाडी ठरवली आणि गेलो.

वाडा काय वर्णावा! दिवाणखान्यात हंड्या-झुंबरं, माणसाएवढे आरसे, पाऊल रुतेल असा गालिचा. रंगीत काचांमधून ऊन येऊन संगमरवरी टेबलावर पडलेलं. इनामदारांच्या सूनबाई, वहिनीसाहेब म्हणायचे त्यांना, स्वतः एकेक वस्तू दाखवत होत्या. आता मला सांगा, इतक्या देखण्या वस्तू कुणी असं हसतमुखाने विकतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली. खरा ऐवज कुठेतरी लपवलेला असणार.

आणि मागच्या खोलीत तो सापडला. चादरीखाली झाकलेली एक शिसवी खुर्ची. हातांवर सिंहाची तोंडं, बैठक लाल मखमलीची.

"ही केवढ्याला?" मी विचारलं.

वहिनीसाहेब गोऱ्यामोऱ्या झाल्या. "ती विकायची नाहीये, मास्तर. आमच्या मामंजींची होती. त्यांच्या आजारपणातली."

"मग आठवण म्हणून मुंबईला नेणार असाल."

"छे, नाही हो."

विकायची नाही आणि न्यायचीही नाही. याचा अर्थ काय लावायचा? मी बैठक दाबून पाहिली तर ती झाकणासारखी वर आली. खाली गोल भोक आणि पोकळ कप्पा.

"यात काय होतं?"

"भांडं," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"कसलं भांडं?"

"मास्तर, तुम्ही ते आरशाचं कपाट बघा ना. छान आहे."

खुर्चीत चोरकप्पा, कप्प्यात भांडं आणि बाई नजर देत नाहीत! मी म्हटलं, "खुर्चीच घेईन, आणि भांड्यासकट घेईन." शेवटी त्यांनी मोलकरणीकडून भांडं मागवलं. पांढरी चिनी माती, त्यावर निळी फुलं. रिकामं होतं. "न्या," एवढंच म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला वाटलं, त्यांना रडू आलं.

वाटेत गणू म्हणाला, "मास्तर, खुर्चीला फिनेलचा वास हाय. माज्या आयला इस्पितळात ठेवली व्हती तिथं असाच यायचा."

"वाळवी लागू नये म्हणून लावतात," मी म्हणालो.

"आसंल," गणू म्हणाला.

घरी मी खुर्ची उलटी-सुलटी करून ठोकून पाहिली. सोनं नाही, नाणं नाही. पण ऐट होती. पाहुणे यायच्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत मधोमध मांडली. बायकोने भांडं राखेने घासून लख्ख केलं आणि त्यात रव्याचे लाडू भरले.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आजोबा. आजोबांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा खुर्ची बघून उंबऱ्यातच थांबले.

"बसा ना, अप्पा. मानाची जागा तुमची."

"मी उभाच बरा."

झालं, मला संशय आला. स्थळ नापसंत करायचं मनात आहे, म्हणून हे बसत नाहीत. मी त्यांचा हात धरून जवळजवळ बळजबरीने बसवलं. ते अगदी कडेला टेकले. बायकोने लाडू पुढे केले. मुलाच्या वडिलांनी एक उचलून निम्मा खाल्लासुद्धा. अप्पा मात्र त्या निळ्या फुलांकडे बघत राहिले.

"हे भांडं कुठलं?"

"या खुर्चीच्या जोडीचंच आहे," मी ऐटीत म्हणालो. "इनामदारांच्या वाड्यातलं."

"माहीत आहे. मी तिथे कारभारी होतो. थोरल्या सरकारांना दुखण्यामुळे उकिडवं बसता येईना, तेव्हा ही खुर्ची मीच मुंबईहून मागवली होती."

"वा! म्हणजे सरकार हिच्यावर बसूनच लोकांना भेटत असतील."

"नाही," अप्पा शांतपणे म्हणाले. "हिच्यावर बसले की सरकार कुणालाच भेटत नसत. दार आतून लावून घेत."

मुलाच्या वडिलांचा घास तोंडातच राहिला. बायको भांडं हातात घेऊन तशीच उभी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात माजघरातून कमल खुदकन हसली, आणि बाहेर मुलालाही हसू आवरेना. त्या दोघांचं तिथेच जमलं म्हणायचं.

पाहुणे निघाले तेव्हा मी दाराआड उभा राहून कान देत होतो. मुलाचे वडील म्हणत होते, "अप्पा, होकार द्यायच्या आधी घराण्याची जरा चौकशी करू या."

"चौकशी कसली करतोस?" अप्पा म्हणाले. "या मास्तराकडून आपल्याला फसवलं जाण्याची काही भीती नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या बोलण्याचा मला संशय आला नाही.