वेल्मा गॅस्किन्सची तीन मिनिटं

मिलबर्नच्या क्रीक रोड शाळेत वेल्मा गॅस्किन्स सव्वीस वर्षं स्वयंपाकीण होती. पहाटे पाचला ती ग्रिट्सचं, म्हणजे मक्याच्या भरडीच्या लापशीचं, पातेलं चढवी आणि सात वाजता पहिली बस येईस्तोवर तीनशे पोरांची न्याहारी तयार असे. जॉर्जियातल्या त्या गावात काळ्यांचं चर्च वेगळं, गोऱ्यांचं वेगळं, दफनभूमीसुद्धा वेगळी. वेल्मा काळ्या वस्तीतली. दीड वर्षापूर्वी, निवडणुकीच्या दिवशी, तिने आपल्या खटारा गाडीतून एकतीस म्हाताऱ्याकोताऱ्यांना मतदानाला नेलं होतं. देशाला पहिला काळा अध्यक्ष मिळाला त्या रात्री ती रडली, आणि रडण्याची तिला सवय नव्हती.

त्याच अध्यक्षाच्या सरकारचा फतवा मार्चमध्ये शाळेवर येऊन आदळला. ज्या शाळांतली मुलं परीक्षेत मागे पडतात त्यांना भरघोस निधी मिळणार होता, पण त्यासाठी मुख्याध्यापकाला हटवून निम्मे शिक्षक बदलायचे होते. क्रीक रोडचे बहुतेक शिक्षक काळे. त्यांतल्या आयडेला क्रू बाईंनी वेल्माच्या दोन्ही मुलींना वाचायला शिकवलं होतं. जाणाऱ्यांत बाईंचं नाव आहे, अशी कुजबुज होती.

बस चालवणारा रॉय स्टॅन्सिल रोज सकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात कॉफीला थांबे. रॉय गोरा, दुसऱ्या पक्षाचा, पण एकोणीस वर्षांचा शेजार. त्या दिवशी तो वॉशिंग्टनवाल्यांच्या नावाने खडे फोडत होता. आमच्या शाळेत कोण शिकवणार हे ठरवणारे हे कोण, म्हणाला. वेल्मा पीठ मळत ऐकत राहिली. मग तिने विचारलं,

"रॉय, परीक्षेवरून शाळा नापास ठरवायचा कायदा मागच्या अध्यक्षाने आणला, तेव्हा तू कुठे होतास? तो तुझ्या पक्षाचा होता ना. मी फलक घेऊन सभागृहाबाहेर उभी होते, आणि तू मला म्हणालास, साहेबांना जरा वेळ दे."

रॉयने उरलेली कॉफी संपवली. कप ठेवता ठेवता म्हणाला, "म्हणालो असेन. पण तेव्हा तू ओरडत होतीस. आता हा फतवा त्याहून वाईट आहे, तर तुझा फलक कुठेय?"

तो गेला. वेल्माचे हात पिठातच राहिले. उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते ओठांवर आणायची तिला लाज वाटली.

शाळा मंडळाची सभा गुरुवारी होती. बोलणाऱ्यांच्या यादीत तिने नाव लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर झालं. बुधवारी तिच्या चर्चचे पास्टर होझिया बिनफर्ड घरी आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बराच वेळ तिच्या मुलींची चौकशी करत बसले, मग मुद्द्यावर आले.

"सिस्टर गॅस्किन्स, तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण ती गोरी माणसं टपून बसलीत. त्यांना अध्यक्षाचा कायदा नकोय की अध्यक्षच नकोय, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपलं माणूस आहे ते. काय बोलायचं ते घरात बोला, चव्हाट्यावर नको."

"आणि क्रू बाई कुणाचं माणूस, पास्टर?"

त्यांनी टोपी उचलली. जाताना प्रार्थना करतो म्हणाले, पण कशासाठी ते सांगितलं नाही.

गुरुवारी सभागृह खच्चून भरलं होतं. डावीकडे काळी वस्ती, उजवीकडे गोरी. कुणी तसं बसवलं नव्हतं. उजव्या बाजूला बरीच माणसं अशी होती, ज्यांची पोरं कधीच या शाळेत नव्हती. तिसऱ्या रांगेत एका धिप्पाड माणसाने फलक धरला होता. त्यावर अध्यक्षाचं चित्र, रानटी टोळीवाल्यासारखं नाकात हाड घातलेलं, आणि खाली लिहिलेलं: तुझ्या देशात परत जा. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर रॉय होता.

वेल्माचं नाव पुकारलं गेलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. ध्वनिक्षेपकापाशी ती उभी राहिली आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांना म्हणाली, "तो फलक खाली करायला सांगा, मग बोलते."

गृहस्थांनी चष्मा पुसला. सभागृहात मत मांडायला बंदी नाही, असं काहीतरी पुटपुटले. फलक हलला नाही. तिने रॉयकडे पाहिलं. रॉय स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. घड्याळ चालू झालं होतं.

ती बोलली. गरीब पोराला रोज सकाळी ओळखीचा चेहरा लागतो, म्हणाली. उपाशी आलेलं पोर परीक्षेत नापास होतं, त्याचा गुन्हा बाईंवर का? सरकार चुकतंय, सपशेल चुकतंय. उजवीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. डावीकडे एकही हात हलला नाही. पहिल्या रांगेतले पास्टर डोळे मिटून बसले होते.

 ती उजवीकडे वळली.

"टाळ्या नकोत मला. मी त्याला मत दिलं, पुन्हाही देईन. सात वर्षांपूर्वी मी हेच बोलले तेव्हा तुमच्यातलं कुणी माझ्याबरोबर नव्हतं." मग डावीकडे वळून, आवाज उतरवून म्हणाली, "आणि आपण सगळे होतो. हाच कायदा एखाद्या गोऱ्याने आणला असता, तर आज आपण असे मुके बसलो असतो का?"

 घंटी वाजली. ती जागेवर आली तेव्हा शेजारच्या दोघी बायका खुर्च्या सोडून मागे गेल्या होत्या.

मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी निधी घेतला. जूनमध्ये क्रू बाईंची नोकरी गेली. त्या अटलांटाला मुलाकडे राहायला गेल्या. रॉयच्या पक्षवाल्यांनी वेल्माच्या भाषणाचा पहिला भाग पत्रकावर छापून वाटला. दुसरा भाग वगळला होता. चर्चमध्ये ती बसे त्या बाकावर उन्हाळाभर तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

रॉय तीन आठवडे मागच्या दाराशी फिरकला नाही. मग एक दिवस आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"त्या फलकवाल्याचा हात मी धरायला हवा होता," म्हणाला. "वेल्मा, तो अध्यक्ष गोरा असता तर मी त्या सभेला आलो असतो का, हे मी स्वतःला विचारलं. आमच्या पक्षाचा असता तर नसतो आलो, हे नक्की. गोरा पण तुमच्या पक्षाचा असता तर, हे मला सांगता येत नाही."

वेल्माने त्याला आत बोलावलं नाही. हाकललंही नाही. "ज्या दिवशी सांगता येईल त्या दिवशी सांग," एवढंच म्हणाली आणि बिस्किटं बघायला भट्टीकडे गेली.

सप्टेंबरमध्ये तिने अध्यक्षांना चार पानी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, फलकाचंही. नोव्हेंबरात छापील उत्तर आलं: आपल्या पाठिंब्याबद्दल आभार. त्याच आठवड्यात काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक होती. वेल्माने गाडीत तेल भरलं आणि सकाळी सातला पहिल्या म्हातारीच्या दारात भोंगा वाजवला. गेल्या वेळच्या एकतीसपैकी नऊजण आले.