लाकडाचा मासा, मातीचा बैल

सकाळी सकाळी माझं डोकं फिरलं ते शेजारच्या परसातल्या ओरडण्यानं. "घरात मासे आणायचे न्हायत असं ठरलं हुतं का न्हाय?" आवाज घरमालक चन्नबसप्पा अण्णांचा. पुढं त्यांचा भाडेकरू महेबूब खाली मान घालून उभा. आन दोघांच्या मधी दोरीवर लटकत हुते मासे. लाकडाचे! ना वास, ना काटा.

म्या सिताबाई. तामलवाडीत माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान हाय, आन माझ्या तोंडाला कुलूप न्हाय हे साऱ्या गल्लीला म्हाईत हाय. तर ऐका.

महेबूब पेंटर माणूस. हायवेला ट्रकच्या पाठी रंगवायचा, मोर म्हणू नगा, कमळ म्हणू नगा. आता समदे स्टिकर चिकटवतात. काम कमी झालं, पण हात गप बसतो व्हय? पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणतो, कानशीनं घासून बोटाएवढा मासा करतो. पोटात शिसं भरतो, तोंडाखाली जुन्या सीडीचा तुकडा बसवतो, म्हंजे दोरी ओढली की मासा शेपूट हलवत डुबकी मारतो. खालनं गळ. डोळ्याला माझ्या दुकानातल्या टिकल्या. आन खवले? लसणाच्या पिशवीची जाळी अंगावर ताणायची आन वरनं चंदेरी रंग थोपटायचा. जाळी काढली की खवल्याला खवला लागून बसलेला. तळ्यातली मरळ त्याला फसते. मरळीचं सोडा, पहिल्यांदा त्या दोरीपाशी म्या बी मांजर हाकललं हुतं.

आता खरी मरळ घावली तर? ती घरात येत न्हाय. अण्णांचं घर लिंगायताचं, खोली देतानाच त्यांनी शब्द घेतलेला. त्याची बायको सायराबी तळ्याच्या काठावर तीन दगडांची चूल मांडते, तिथंच कालवण, तिथंच जेवण, भांडी बी तिथंच घासून मग घरी. इतकी वर्सं शब्द पाळला. आन त्या माणसाला म्हणे पोळ्याच्या आत खोली रिकामी कर!

म्या कुंपणावरनंच म्हणलं, "अण्णा, लाकूड हाय ते. पायजे तर चावून बघा."

"तुमी मधी पडू नगा, सिताबाई," अण्णा म्हणले. "पोळ्याला आपुन मातीच्या बैलाला बैल म्हणतो का न्हाय? त्याला निवद दावतो का न्हाय? मग लाकडाचा मासा बी मासाच."

अगं बाई! माझी, माझी बोलती बंद झाली. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या हातात भलत्याच मापाच्या बांगड्या कोंबत ऱ्हायले.

राग कशाचा आला सांगू? महेबूबची निखत बारावीला हाय. इथनं तुळजापूरची एसटी धरते, कॉलेजला जाते. खोली गेली तर पोरीचं वर्ष गेलं. महेबूब घरोघर विचारत फिरला. जो तो आधी म्हणायचा खोली हाय, नाव ऐकलं की म्हणायचा, पाव्हणे येणार हायत. एकदम एवढे पाव्हणे कुठनं उपटले गावात? कुणाचा पाव्हणा एसटीतनं उतरलेला म्या तरी बघितला न्हाय. माशाचं निमित्त हो, दुसरं काय!

पोळा जवळ आला. अण्णांनी ट्रॅक्टर घेतल्यापास्नं त्यांच्या गोठ्यात बैल न्हायत, मातीची जोडी पुजतात. ती जोडी दरसाल रंगवतो कोण? महेबूबच. यंदा बी सिद्धम्मा, अण्णांची बायको, ताटात कोरे बैल घेऊन त्याच्या दारात.

"सिद्धम्मा, काय लाजबीज?" म्या विचारलं.

"मला लई वाटती ओ," ती म्हणली. "ह्यांनीच पाठवलंय."

महेबूबनं ताट घेतलं. म्या त्याच्यावर बी खवळले, "अरे, फेक की तोंडावर त्यांच्या!"

"बैलांनी काय केलंय, आक्का?" एवढंच म्हणला आन रंगाचे डबे उघडत बसला.

पोळ्याच्या दिवशी मला पुरणपोळीला बोलावणं. जायचं नव्हतं, पण गेले. पाटावर जोडी उभी, शिंगांना हिंगूळ, पाठीवर चंदेरी झूल. अण्णांनी हळदकुंकू वाह्यलं, बैलांच्या तोंडाला पुरणपोळी लावली, डोकं टेकलं. मग खूश होऊन आल्यागेल्याला म्हणाया लागले, "यंदा झूल बघा, काय नक्षी काढलीया!"

म्या वाकून बघितली. बघितली आन हातातला घास ताटात ठिवला.

"अण्णा," म्या म्हणलं, "नक्षी न्हाय ती. खवले हायत."

"काय?"

"माशाचे खवले. आता समद्यांसमोर सांगा, निवद कुणाला दावला? बैलाला का माशाला?"

अण्णांचा चेहरा बघायला पायजे हुता. एकदा बैलाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग ताडकन म्हणले, "बैलालाच! वरच्या रंगानं काय हुतंय? आत माती हाय ती मातीच."

सिद्धम्मा पोळी वाढत हुती. हात न थांबवता तिनं विचारलं, "आन महेबूबच्या माशात आत काय हाय?"

अण्णांनी ताटातलं पुरण नुसतंच कालवलं, मग खाली बघूनच जेवले. खोलीचं नाव त्या दिवसापास्नं त्यांनी काढलं न्हाय. निखतची एसटी चालू हाय.

बाहेर आल्यावर म्या महेबूबला गाठलं. "मुद्दाम केलंस व्हय रं?"

"न्हाय ओ, आक्का," तो म्हणला. "माझ्याकडं जाळी एकच हाय."