आधी ऐकून घ्या

नगरपालिकेची माणसं आमची भाड्याची इमारत सील करायला आली, तेव्हा तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या लीलाताई दारात उभ्या राहिल्या. इमारत धोकादायक असल्याचा कागद आदल्याच संध्याकाळी जिन्यात चिकटवला होता. बाकीचे आम्ही भाडेकरू निमूट सामान बांधत होतो.

“बाई, बाजूला व्हा,” अधिकारी म्हणाले.

“होते. पण भिंती तपासायला कोण आलं होतं?”

“आदेश आहे.”

“आदेशाआधी आमचं ऐकून घ्यायचं असतं ना, साहेब?”

सीलची लाख वितळवायला शिपायाने ओढलेली काडी त्याच्या हातातच जळत राहिली. भाडेकरूचं घर कधीच त्याचं नसतं. पण घराबाहेर काढण्याआधी माणसाला बोलू द्यावं, एवढं कायदाही मानतो. हे मला ठाऊक होतं, तरी मी खाली मान घालून दोरी आवळत होतो.

शेवटी अधिकारी म्हणाले, “सोमवारी या. सुनावणी घेतो.”

सुनावणी झाली, इंजिनिअर आले. मागची भिंत खरंच खचली होती. दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि आम्ही सगळे निघालो.

मशीन टेम्पोत चढवून लीलाताई म्हणाल्या, “आता मी जातेय. त्या दिवशी मला हाकलत होते.”