छत्रीखालची विहीर

पुनावळ्यात समुद्र आणायचा ठराव आमच्या सोसायटीने दहा मिनिटांत मंजूर केला. लिफ्ट दुरुस्तीच्या ठरावाला दीड वर्ष लागलं होतं. चेअरमनसाहेब कुठल्याशा किनाऱ्यावर असा सोहळा बघून आले होते: लांबलचक जुन्या गाड्या, ठिपक्यांचे घेरदार फ्रॉक, तेल चोपडून केसांचा फुगा काढलेले बाप्ये आणि दिवसभर रॉक अँड रोल. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. "आपल्याकडे समुद्र नाही एवढंच ना? वाळू तर आहे," ते म्हणाले. वाळूला पुनावळ्यात काय तोटा, निम्मं गाव अजून बांधकामाखालीच आहे.

मी सांस्कृतिक समितीवर होते. समितीवर बायका कशाला असतात ते सांगायला नको. रांगोळ्या, बिस्किटं आणि हो म्हणायला. मीही हो म्हणाले. मग नकाशा आला, आणि वाळू टाकायची जागा मी दोनदा बोट ठेवून तपासली. मधलं मैदान. त्या मैदानाखाली आमची विहीर आहे, हे एवढ्या मोठ्या सोसायटीत फक्त दोघांना माहीत होतं. एक मी आणि दुसरे माझे वडील.

ही सगळी जमीन मुळात आमची. अण्णांनी ती विकली तेव्हा मोबदल्यात दोन फ्लॅटही मिळाले. एकात ते राहतात, समोरच्यात मी आणि माझी मुलगी. विकताना बिल्डरची अट होती, विहीर बुजवून द्या. अण्णांनी 'बुजवली' असं लिहून दिलं. आमच्या अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं आजूबाजूची चार गावं मानायची, त्यामुळे कोणी वाकून पाहिलं नाही.

अण्णांनी ती बुजवली नव्हती. जितं पाणी बुजवायचं नाही, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. आटलेली विहीर बुजवावी, पण झरा चालू असताना वरून दगडमाती लोटणं म्हणजे जिवंत माणूस पुरणं. म्हणून त्यांनी तोंडावर जुने लोखंडी गर्डर टाकले, वर स्लॅब ओतला आणि त्यावर हातभर माती. स्लॅबमधून एक लोखंडी नळी मात्र वर काढून ठेवली, पाण्याला वारा लागावा म्हणून. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी मी विहिरीची ओटी भरली. खण आणि नारळ माझ्याच हाताने आत सोडला. तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. अक्कल गहाण पडते ती अशीच.

मी चेअरमनना म्हटलं, मैदानावर गाड्या नकोत, खालून पाण्याची लाइन गेलीय. त्यांनी प्लंबरला विचारलं. लाइन नव्हती. "ताई, शेताची माया सुटत नाही अजून," ते हसून म्हणाले. मी पण हसले. अण्णांना चारचौघांत खोटं पाडायची माझी छाती नव्हती, हे त्यातलं खरं कारण.

रविवारी सकाळी ट्रक आले. ती समुद्राची वाळू नव्हतीच, बांधकामाची दगडी चुऱ्याची करडी वाळू होती. पायांना टोचायची. धूळ उडू नये म्हणून टँकरने तिच्यावर पाणी मारलं. ओली वाळू किती जड असते ते मला माहीत आहे, आमच्या परड्यात नेहमी ढीग पडलेला असायचा. मी गॅलरीत उभी राहून बघत होते आणि मनात ट्रक मोजत होते. मग मंडपवाल्यांना ती नळी सापडली. त्यांना केवढा आनंद झाला! खड्डा खणायचे कष्ट वाचले. त्यांनी त्या नळीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची भली मोठी छत्री रोवली आणि छत्रीच्या शेजारी सगळ्यात मोठ्या गाडीची जागा आखली.

ती गाडी दुपारी आली. फिकट निळी, उघड्या टपाची, मागे माशासारखे पर असलेली. मालक चाकणचा कारखानदार, पण गाडी जिवंत ठेवली होती पिंपरीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. ते गाडीबरोबरच आले होते आणि लेकीची पाठवणी करायला आल्यासारखे तिच्या भोवती फिरत होते. बरोबर चार पोरं होती, नाहीतर अशी गाडी वाळूत चढवणं सोपं नव्हतं.

गाणी सुरू झाली. सोसायटीतले सगळे काका चकचकीत बूट घालून त्या टोचऱ्या वाळूत लटपटत नाचायला लागले. एरवी मी हसून हसून बेजार झाले असते. पण माझं लक्ष छत्रीवर होतं. वारा पडलेला होता, पताका मुकाट लोंबत होत्या आणि छत्री ड्रमच्या ठेक्यावर थरथरत होती.

चारच्या सुमाराला छत्रीच्या बुडाशी वाळूत खळगा दिसला. वाटीएवढा. एका पोराने फावड्याने वाळू ओढून तो भरला. पाच मिनिटांत तो परत पडला, आता परातीएवढा. गिरणीत वरून दळण ओतल्यावर मधोमध जसं खाली खाली जातं, तशी वाळू शांतपणे आत चालली होती.

अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. पांढरी टोपी, धोतर, आणि कोणीतरी डोळ्यांवर चढवलेला काळा गॉगल. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"अण्णा, छत्रीपाशी वाळू खाली चाललीय."

"वाऱ्यानं आसंल."

"वारा नाहीये, अण्णा."

"बाय, म्या सोता उभं राहून वतलाय त्यो सल्याब. ट्रॅक्टर नेला व्हता त्याच्यावरनं. काय बी व्हत न्हाई." आणि मग हळूच, गॉगल न काढता, "आन काय सांगनार हाईस त्यास्नी? तुजा बाप लबाड हाय म्हनून?"

मी सरळ उभी राहिले. स्लॅबखालच्या गर्डरना रात्रंदिवस विहिरीची वाफ लागत होती आणि ट्रॅक्टर नेला त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी गप्प बसले.

चाचा माझ्याकडे आले. समितीचा बिल्ला माझ्याच छातीवर होता. "ताई, वाळूत गाडी बसते, त्याचं काही नाही. पण बसते ती चारी चाकांनी बसते. मागचं एकच चाक का खाली चाललंय?"

"टँकरचं पाणी तिथे जास्त पडलं असेल," मी म्हटलं. ह्या सोहळ्यापायी दुसरं खोटं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी जिकडे पाहत होते त्या छत्रीकडे पाहिलं.  कुठून तरी फळी आणून त्यांनी त्या चाकाखाली सरकवली.

शेवटचा नाच मुलींचा होता. सात मुली, सगळ्या बारावीच्या आसपासच्या, गाडीत आणि गाडीवर चढून नाचणार होत्या. माझी मुलगी मागे डिकीच्या झाकणावर, छत्रीच्या अगदी अंगाला. दोन महिने घराघरांत तालीम चालली होती. मुली चढल्या. गाणं लागलं. गाडी त्यांच्या उड्यांनी हलू लागली आणि छत्री एका बाजूला कलली.

मी धावले. मुलीचं मनगट धरलं आणि तिला खाली ओढलं. "आत्याचा फोन आलाय. अर्जंट आहे."

"आत्ता? आई, प्लीज!"

"आत्ता."

तिला खेचत मी वाळूच्या बाहेर, फरशीवर आणलं. तेव्हा मला काय वाटलं ते लिहूनच टाकते. सुटल्यासारखं वाटलं. मी चक्क मोठा श्वास सोडला.

चाचा शेजारीच उभे होते. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "आपली पोरगी काढलीत, ताई. बाकीच्या सहा?"

 मी परत फिरले आणि ओरडले, "खाली उतरा! खाली विहीर आहे!" त्या गोंगाटात कोणाला काही ऐकू गेलं नाही. मुलींना वाटलं मी शाबासकी देतेय. एकीने मला हात केला. मग चाचांनी जाऊन स्पीकरची वायरच उपटली.

एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत छत्रीखालून आवाज आला. वाळू सरसरत खाली जात होती, आणि आत कुठेतरी डुबुक डुबुक होत होतं. तो सगळ्यांनी ऐकला.

मी पुन्हा सांगितलं, यावेळी ओरडावं लागलं नाही. चाचांनी एकेका मुलीला हात देऊन उतरवलं, घाई न करता, उडी मारू न देता. इंजिन चालू करू दिलं नाही. गाडी न्यूट्रलला टाकून त्यांच्या पोरांनी लांब दोर बांधून ओढून काढली. गाडी फरशीला लागली तेव्हा छत्री सरळ खाली गेली. कोणी खालून ओढून घ्यावी तशी. मागोमाग स्लॅबचा तुकडा, वाळू, फळी. आणि लगेच पाण्याचा आवाज.

बाया रडायला लागल्या. ठिपक्यांच्या फ्रॉकमधल्या मुली एकमेकींना धरून फरशीवर बसल्या. अण्णा उठले, काठी टेकत भोकाकडे निघाले. चेअरमननी त्यांना धरलं, तरी वाकून त्यांनी आत पाहिलं. गॉगल काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते.

"जितं हाय अजून," ते मला म्हणाले. "बघ, किती वर आलंय."

मी त्यांचा हात झटकला. जन्मात पहिल्यांदा. त्यांची नात त्या स्लॅबवर नाचत होती आणि ह्या माणसाला पाण्याचं कौतुक! तितकाच राग मला स्वतःचा आला, पण तो झटकायला जागा नव्हती.

पुढे सभा झाली. सगळ्यांनी गैरहजर बिल्डरच्या नावाने खडे फोडले; विहीर तशीच ठेवून वर मैदान केलं, म्हणाले. अण्णा पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मी दुसऱ्या रांगेत. कोणी आमच्याकडे वळून विचारलं नाही, कारण अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आम्हीही काही बोललो नाही. त्याच सभेत, वाळूच्या आवाजावरून मला जुनी विहीर आठवली असं समजून, चेअरमननी प्रसंगावधान दाखवल्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तो नारळ मी घरी नेला आणि फोडला नाही. चाचांना कोणी बोलावलं नव्हतं.

विहीर आता खरोखर बुजवली आहे. सात दिवस डंपर येत होते. अण्णा तेवढे दिवस खिडकी लावून बसले. त्या सहा मुलींच्या आया मला लिफ्टमध्ये भेटतात, एकीने दिवाळीला साडी दिली. "ताई, तुम्ही होतात म्हणून," असं म्हणताना ती माझा हात धरते. मी मान खाली घालते. तिला तो विनय वाटतो.

महिनाभराने माझी मुलगी जेवताना सहज म्हणाली, "आत्याला विचारलं मी. तिने त्या दिवशी फोन केलाच नव्हता."

मी भात वाढत होते. वाढत राहिले.

"म्हणजे तुला आधीच माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तू फक्त मला उतरवलंस."

मी हो म्हणाले. ती ताटातलं संपवून उठली. त्यावर पुन्हा आमचं बोलणं झालेलं नाही. तिच्या मैत्रिणी अजून घरी येतात, सहाही जणी, मी त्यांना पोहे करून देते. त्या गाडीचा विषय निघाला की माझी मुलगी माझ्याकडे बघते आणि विषय बदलते. आमच्या घरात हे माहीत असलेली माणसं आता तीन झाली आहेत.