माणसांचा बांध

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते आमच्या गावचे मास्तर. आणि या पृथ्वीवर सपाट अशी एकही जागा नाही, यावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी कुणाची देवावरही नसेल. आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं. पाऊस थोडा, पण पडला की एका दमात पडायचा आणि शेतातली काळी माती ओढ्यात नेऊन सोडायचा. उताराला आडवे बांध घाला, पाणी जिरवा, माती राखा, एवढंच मास्तरांचं मागणं. पण ते कुठं मांडावं याला धरबंध नव्हता. लग्नाच्या पंगतीत ते पत्रावळीवर भाताचे आडवे बांध घालत आणि वाढप्याला वरच्या अंगानं वरण सोडायला लावत. ते जिरेपर्यंत शेजारच्या पाहुण्यानंही हात आखडून बघत बसायचं. मला हायस्कुलात घालायला सोलापूरला आणलं, त्या दिवशी शुक्रवार पेठेत एका विणकराच्या अंगणातून रंगाचं लाल पाणी वाहत आलं. मास्तर त्याच्यामागे निघाले ते थेट गटारापर्यंत. घरातली बाई तेलुगूत बरंच काही बोलली. मास्तरांनी तिला मोठ्या आदरानं नमस्कार केला. शाळेची घंटा झाली तरी आम्ही पाण्याबरोबरच होतो. तरीही मला वर्गात बसवलं त्यांनीच, आणि तिथल्या आपल्या बहिणीकडे माझ्या जेवणाची सोय लावली तीही त्यांनीच.

मी बी. ए.ची परीक्षा देऊन घरी आलो त्या उन्हाळ्यात आमच्या शेताचा प्रश्न अगदी निकराला आला होता. वरच्या अंगाला खडक उघडा पडला होता. बांध घालायचा तर तो आमच्या आणि चुलत्यांच्या, दोन्ही शेतांतून जायला हवा. अर्धा घातला तर पाणी त्याला वळसा घालून जाणार. आणि वडील आणि काका एका बोरीच्या झाडावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

शेतकी खात्याच्या साहेबांचं व्याख्यान चावडीत झालं तेव्हा गाव शांतपणे झोपलं होतं. मास्तरांनी मग गावाला माळावर नेलं. तालमीतल्या गड्यांना पाणी केलं, शेतकऱ्यांना हातात हात धरून बांध केलं. पाटील म्हणाले, "मास्तर, मला पान्यात घ्या. बांध हून ऱ्हायला गुडघं न्हाईत." मास्तरांनी वडील आणि काका शेजारी उभे केले. दोघांनी हाताला हात लावला नाही. मध्ये एक उपरणं धरलं, एक टोक याच्याकडे, एक त्याच्याकडे. पाणी आरोळी ठोकत उतारावरून आलं आणि बरोबर तिथूनच फुटून गेलं. गाव हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी उपरणं काढून घेतलं, घडी करून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि पाण्याला पुन्हा वर पाठवलं.

या वेळी वडील पुटपुटले, "धर की नीट."

"धरलंय," काका म्हणाले. "तू पाय रोव."

बांध टिकला. पुढच्याच आठवड्यात दोन्ही शेतांत कुदळी पडल्या. पण पावसाआधी मास्तरांची दूर केम गावच्या शाळेत बदली झाली. स्टेशनावर त्यांचं लक्ष निरोपाकडे नव्हतं, आभाळाकडे होतं. तिथून त्यांची कार्डं येत राहिली: पाऊस झाला का? हस्त नक्षत्रात तो झाला, आणि मी लगेच लिहायला बसलो. त्यांच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही. पण ते पत्र मला अजून पाठ आहे.

"तीर्थस्वरूप मास्तरांस साष्टांग नमस्कार. काल दुपारी मोठा पाऊस झाला. बांध कुठंही फुटला नाही. दोन्ही शेतांत पाणी उभं आहे आणि ओढ्याला गेलं ते नितळ गेलं. आता काळजी नसावी. शाळूची पेरणी यंदा बिनघोर होईल. वडील आणि काका सकाळपासून शेतातच आहेत. बोलणं अजून फारसं होत नाही; पण न्याहारीच्या वेळी काकांनी वडिलांकडे चटणी मागितली."