कोठडीत सुधारलेली बाई

ती घटना आठवली की अजूनही मला एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात दोन फेऱ्या मारतो, मग बायको म्हणते, आता कुठलं भूत आठवलं? नावं मी सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांनी भोगायचं तेवढं भोगलंय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी आळेफाट्याच्या बाजूला फौजदार होतो. निम्मा वेळ हायवेवरचे अपघात आणि उरलेला बांधावरची भांडणं, अशी तिथली नोकरी. ऐन उन्हाळ्यात बेल्ह्याच्या वरच्या पठारावरून खबर आली, की एका वस्तीवरचा तरणाताठा शेतकरी सकाळी गोठ्यात कोसळला आणि जागच्या जागी गेला. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. मृत्यूचं कारण राखून ठेवलं गेलं आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, पुण्याला तपासणीसाठी गेला. असे अहवाल यायला पुष्कळ वेळ लागतो. आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

त्या सुमारास पुण्याहून एक डॉक्टरीणबाई पठारावर यायच्या. हृदयाचे आजार आणि पिण्याचं पाणी यांचा काही संबंध आहे का, याचा त्यांचा अभ्यास चालू होता. जीपमध्ये हृदयाचा आलेख काढायचं मशीन, सोबत पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या. त्या एक दिवस ठाण्यात येऊन माझ्यासमोर बसल्या. हा माणूस मरायच्या थोडे दिवस आधी त्यांनी तपासला होता. त्याचे ठोके मंद आणि अनियमित पडत होते, या वयाला शोभणारे नव्हते, प्रकरण साधं समजू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यांनीच पाठपुरावा केला म्हणून अहवाल लवकर आला. व्हिसेऱ्यात शेतीवर फवारतात त्या कीटकनाशकाचा अंश होता.

मी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. त्या म्हणाल्या, विहिरीतला नमुना मी स्वतः काढलाय आणि घरातलं पिण्याचं पाणी घरच्यांनी भरून दिलंय. दोन्ही स्वच्छ निघाले. पाणी स्वच्छ, मग विष आलं कुठून?

उत्तर द्यायला मयताचा चुलत भाऊ टपूनच बसला होता. संध्याकाळी ठाण्याच्या मागच्या दाराने आला आणि हळूच म्हणाला, नवरा-बायकोचं आदल्या दिवशी जोरात भांडण झालं होतं. बायकोचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, मंचरच्या पुढं, बारमाही पाण्याचं. तिला पठारावर राहायचं नव्हतं. मयताच्या आईकडे विचारलं तर म्हातारीनेही भांडणाला दुजोरा दिला. फवारणीचं औषध घरात, भांडण घरात आणि मयताला जेवण वाढणारी एकटी तीच. वरिष्ठ म्हणाले, आणखी काय पाहिजे? खुनाचा गुन्हा दाखल झाला. तिला अटक करून जुन्नरच्या कोर्टात उभं केलं आणि पोलीस कोठडी मिळाली. लहान मुलगी आजीकडे राहिली.

चौकशी मी स्वतः केली, महिला शिपाई समोर ठेवून. दरडावलं, समजावलं, एकच गोष्ट उलटसुलट विचारली. बाई रडत नव्हती, भांडत नव्हती. भांडण झालं हे तिने लगेच कबूल केलं. विषाचं विचारलं की एकच वाक्य.

"त्ये ज्या तांब्यातनं पानी प्याले, त्याच तांब्यातनं मी बी प्याले. मंग मी कशी ऱ्हायले, त्ये तुमीच सांगा."

माझी झोप उडाली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, हे पोलिसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण अहवालातलं विष खोटं कसं म्हणणार? कोठडीची मुदत संपली की ती येरवड्याला जाणार आणि खटला उभा राहीपर्यंत पोर आईला पारखी होणार. मी वैतागलो होतो, समोर येईल त्याच्यावर खेकसत होतो. चहासुद्धा कडू लागत होता.

गाठ सोडवली ती महिला शिपायाच्या एका साध्या बोलण्याने. ती म्हणाली, "साहेब, ही बाई कोठडीत सुधारतीय."

तिला आणलं तेव्हा ती भिंतीला धरून चालायची. घाम सुटायचा, मळमळायचं, छातीत धडधडतंय म्हणायची. आम्हाला वाटलं, भीतीने होतंय. ती आता दोन्ही वेळ नीट जेवत होती आणि सरळ चालत होती. मी उभ्या नोकरीत कोठडीत माणूस वाळताना पाहिलाय. सुधारताना पाहिली ती ही एकटीच. म्हणजे घरात असं काहीतरी होतं, जे तिला तिथं बाधत होतं आणि इथं मिळत नव्हतं. आणि ते घरात अजून असेल, तर तिथं म्हातारी होती, पोर होती. मी तडक जीप काढायला सांगितली.

पठारावर पोचेपर्यंत ऊन टाळूवर आलं होतं. म्हातारीने घोंगडी टाकली. देव्हाऱ्याशेजारच्या तांब्याच्या कळशीतून पाणी काढून तांब्या माझ्या हातात दिला. पाणी गार, गोड. मी पिऊन होतोय तोवर पोर पाणी मागायला लागली. तोंड सुकलेलं, डोळे ओढलेले. म्हातारी कळशीकडे गेलीच नाही. घराच्या मागं पडवीत एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता, त्यात तांब्या बुडवला आणि पोरीपुढं धरला.

मी तो तांब्या तिच्या हातातून हिसकावून घेतला. पोर घाबरून रडायला लागली. म्हातारीही बावरली. मी विचारलं, हिला कळशीतलं का नाही दिलं?

"कळशीतलं पावण्यांचं हाय," ती म्हणाली. "देवळापाशी हातपंप हाय, थितनं आणावं लागतं. घरच्यांना हिरीचं, ह्या ड्रमात भरून ठिवतो."

"आणि डॉक्टरीणबाईंना बाटलीत कुठलं दिलं?"

"आता इचारता व्हय राव? शेरातनं आलेल्या बाईला ड्रमातलं देऊ?"

ती खोटं बोलली नव्हती. पिण्याचं पाणी मागितलं, तिने पिण्याचंच दिलं, घरातलं सगळ्यात चांगलं. विहीर स्वच्छ, कळशी स्वच्छ. मधला ड्रम कुणी तपासलाच नव्हता.

ड्रम उन्हाळ्याच्या तोंडाला बेल्ह्याच्या बाजारात एका टेम्पोवाल्याकडून घेतलेला. थोडे दिवस उग्र वास यायचा, मग गेला, असं म्हातारी म्हणाली. वास गेला नव्हता, नाकाला सवय झाली होती. पंचांसमक्ष ड्रम जप्त केला, पाणी तपासायला पाठवलं. व्हिसेऱ्यात होतं तेच औषध त्यात निघालं. याच औषधाने हृदय बंद पडलं का, हे डॉक्टरीणबाई छातीठोक सांगेनात. पण आधीच मंद झालेल्या हृदयाला ते रोज थोडं थोडं मिळत होतं, एवढं नक्की, म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्या वस्तीचे नमुने पुन्हा घेतले, या वेळी स्वतः घरात शिरून. कितीतरी घरांनी आधी पाहुण्यांचंच पाणी दिलेलं निघालं. बाईंनी कपाळावर हात मारला. टेम्पोवाल्याला आम्ही शोधला, निष्काळजीपणाचा गुन्हा लावला. कीटकनाशकाचे रिकामे ड्रम धुऊन विकत होतो, एवढंच तो सांगत राहिला.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी बांधली. पोलीसही दारात पाहुणाच असतो. लोक त्याला सांगतात तेही बऱ्याचदा पाहुण्यापुरतं असतं, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. मागच्या पडवीत गेल्याशिवाय घर कळत नाही.

कलम एकशे एकोणसत्तरप्रमाणे सुटकेचा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि बाई सुटली. कागद हातात पडला तरी ती ठाण्याच्या पायरीवरून हलेना.

"सायेब, तुमी सोडलं. वस्तीवर आता माज्या हातचं पानी कोण पील?"

माहेरी सोडतो म्हणालो. ती म्हणाली, पोर तिकडंय. मग मीच तिला जीपमधून वर घेऊन गेलो.

ड्रमाचं काय निघालं ते म्हातारीला मी आधीच सांगितलं होतं. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पावण्याला चांगलं पाजलं, अन् पोटच्याला..." ज्या तोंडाने तिने सुनेविरुद्ध जबाब दिला होता, ते तोंड तिने पदरात घातलं होतं.

जीप थांबली तशी वस्ती गोळा झाली. चुलत भाऊ मागं उभा होता. पोर धावत येऊन आईला बिलगली, पण बाकी कुणी पाऊल पुढं टाकेना. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सूनबाई, लई तहान लागलीया. पानी आण."

सून आत गेली, तांब्या भरून आणला. म्हातारीने तांब्या तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत तळापर्यंत रिकामा केला. मग रिकामा तांब्या सुनेच्या हातात दिला आणि शेजारणीकडे बोट करून म्हणाली, हिला बी दे. शेजारीण क्षणभर घुटमळली. मग तिनेही घेतलं.

गुन्हा शाबीत करणं, नाही तर माणूस सोडून देणं, एवढंच आमच्या हातात असतं. सोडलेल्या माणसाला घरात परत घेणं घरच्यांच्याच हातात असतं, आणि त्यासाठी कायद्यात कुठलंही कलम नाही.