घमेल्याचे गोल

लग्न होऊन मी माकणीला आले, तेव्हा मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मामा म्हणजे माझे सासरे; इकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. मी पाया पडून उठले, तर बाजेवरून आवाज आला, "जरा त्या निंबापतूर चालून ये." जमलेल्या बाया हसल्या. मी गेले, आले. "उजवा पाय चोरतीस. काय झालंय?" नव्या चपलेनं टाच सोलली होती. माहेरच्या भंडाऱ्यापासून इथवर ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मामांनी हळद-तेल लावायला सांगितलं आणि वर म्हणाले, "घोडी असतीस तर परत धाडली असती."

ते वाक्य माझ्या पोटात राहिलं ते राहिलंच.

मामांच्या घोड्या वरातीच्या. आसपासच्या गावांतले कितीतरी नवरदेव त्यांच्या पाठीवर बसले. पुढं नवरदेव गाडीतून यायला लागले आणि दावणीला दोन म्हाताऱ्या उरल्या, हरणी आणि राणी. माझा नवरा म्हणायचा, "आबा, व्यापारी नेतो म्हणतोय तर द्या की." मामा म्हणायचे, "तो पुढं तिचं काय करतो ते बघून ये, मग देतो." नवरा कधी बघायला गेला नाही.

मी सातवीतून शाळा सोडलेली, भाताच्या मुलखातली. मला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती, इथलं निम्मं बोलणं कळत नव्हतं. मामांनी मला घोड्यांकडे लावलं. झिजल्या दातांची घोडी कडबा चघळून गोळे टाकते, म्हणून तिला जाडसर दळलेल्या धान्याचा भरडा भिजवून द्यायचा. खुराच्या वर बोटं ठेवून नाडीचा ठोका बघायचा. जोरात लागला तर आत दुखतंय. "मातीत लोळती का बघत जा. उठता येईल ह्याची खात्री असंल तरच जनावर लोळतंय." चुकलं की जीभ चाबकासारखी चालायची. "भात खाऊन डोस्कंबी मऊ झालंय का गं?" पण एवढा जीव लावून मला कुणी काही शिकवलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही.

त्यांचा एक नियम होता. भरड्याचं घमेलं रोज सकाळी निंबाखाली ठेवायचं, शेडपासून वीस पावलांवर. दावं सोडायचं आणि गप बसायचं. ओढायचं नाही, चुचकारायचं नाही. "आली तर आजचा दिस तिचा. सलग तीन दिस न्हाय आली, तर डॉक्टर." गुरांचा डॉक्टर कायमचं निजवायची सुई द्यायचा. हरणीच्या आईला तशीच दिली होती. मामांनी तिला गूळ चारत तिचं डोकं धरलं होतं म्हणे.

एका उन्हाळ्यात हरणी मंदावली. अर्ध्या वाटेवर थांबायची, पुढच्या पायांवर भार न देता मागं रेलून उभी राहायची. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. बाजेवरून विचारायचे, "आली का?" मी म्हणायची, "आली, मामा." ते खोटं नव्हतं. घमेलं मी रोज एकेक पाऊल शेडकडे सरकवत होते. ह्या घरात चालेनासं झालेल्याचं काय होतं, ते मला बघायचं नव्हतं.

तीन आठवड्यांनी घमेलं तिच्या नाकाखाली आलं. त्याच दुपारी हरणी शेडच्या तोंडाशी उघड्यावर बसली ती उठली नाही. पुढच्या दोन्ही खुरांतलं हाड सरकून तळवे खाली उतरले होते. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. तोवर ती उन्हात डोकं आपटत होती. आम्ही ताडपत्री धरली. माश्या हटत नव्हत्या, कावळे डोळ्यापाशी यायचे. मी उठायला गेले, तर मामा म्हणाले, "बस. बघ सगळं."

डॉक्टर सुई देऊन गेल्यावर मामा चाचपडत निंबाकडे निघाले. मातीत भरड्याचं पाणी झिरपून गोल उमटले होते, निंबापासून शेडपर्यंत, ओळीनं. ते वाकले. एकेका गोलावरून हात फिरवत शेवटच्यापर्यंत आले.

"हे तू केलंस?"

"तिची दया आली, मामा."

"तिची न्हाय. तिला जायचं होतं. तुला भ्या वाटलं म्हणून तू तिला हितपतूर ओढत आणलंस."

त्या दिवशी मला खरंच परत धाडतील असं वाटलं. रात्रभर पिशवी उशाला घेऊन झोपले. सकाळी मामांनी राणीचं घमेलं माझ्या हातात दिलं. "ठेव जा. आता तुझ्या हातनं चूक व्हायची न्हाय." इतक्या क्रूर शब्दांत माझ्यावर कुणी भरवसा टाकला नव्हता. मी घमेलं घेतलं.

यंदा मामांच्या अंगावरून वारं गेलं. थोडं सावरल्यावर म्हणाले, "माझं ताट उंबऱ्यापाशी ठेवत जा." नवरा भडकला. "म्हातारं माणूस पडंल, बाजेवर दे." मी उंबऱ्यापाशी ठेवलं. पाण्याचा तांब्या तेवढा उशाशी. मामा भिंत धरून यायचे, जेवायचे, परत जायचे. पाऊण महिना आले.

मग एके सकाळी ताटाकडे तोंड करून बाजेवरच बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी ताट उचललं आणि बाजेपाशी गेले. "मामा, भरवते. एक घास."

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

मी वळून ताट होतं तिथं ठेवायला निघाले. माझ्या पावलांचा आवाज ऐकून मामा मागून म्हणाले, "अजून उजवा पाय चोरतीस."

माणसाला सुई नसते. मामांना जायला पाच दिवस लागले. मी उठले नाही, सगळं बघितलं.

गावात बाया बोलतात. लांबची सून, तिला कसली माया. लुळ्या सासऱ्याचं ताट दारात ठेवायची म्हणे. नवरा म्हणतो, लोकांना सांग ना खरं काय ते.

खरं तेच आहे. ठेवायची.